शेटजी गेला कुठे? : मराठी राजकीय कथन आणि समीक्षेचा सोयीचा विसर

इंग्रजीतील ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ या संज्ञेसाठी मराठीत जे पर्याय रूढ झाले ते एका ओळीत ठेवून पाहण्यासारखे आहेत: सनातनी, पुराणमतवादी, परंपरानिष्ठ, प्रतिगामी. हे सारे शब्द मतांविषयी बोलतात, आणि मते जुनी आहेत एवढेच सांगतात. मालमत्तेविषयी त्यांतला एकही शब्द बोलत नाही. ज्या इंग्लंडातून ही संज्ञा आली तेथे ती जमीन, वारसा आणि त्यांचे रक्षण यांच्याशी घट्ट बांधलेली होती. मराठीत येताना तिच्यातली तिजोरी वाटेत गळली आणि शेंडी तेवढी शिल्लक राहिली. हा निव्वळ भाषांतराचा अपघात असता तर तो कोशकारांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु गेल्या पन्नास वर्षांची मराठी राजकीय कादंबरी, तिच्या सोबतीने उभा राहिलेला राजकीय चित्रपट आणि या दोहोंवर पोसलेली समीक्षा हाच अपघात शिस्तीने गिरवत आली आहे. धनाढ्य उद्योजक राष्ट्रीय पातळीवरचा परंपरानिष्ठ नेता होतो, या पात्राला मराठी कथनसाहित्याच्या मुख्य प्रवाहात जागा मिळालेली नाही; आणि ती मिळाली नाही याची खंत तर दूरच, साधी नोंद घेण्याची गरजही समीक्षेला वाटलेली नाही.

हे पात्र अन्यत्र केव्हाच घडले आहे. अँटनी ट्रोलप यांची ‘द वे वुई लिव्ह नाउ’ ही कादंबरी १८७४-७५ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील ऑगस्टस मेल्मॉट कोठून आला हे लंडनमध्ये कोणालाच नीट ठाऊक नाही. सॉल्ट लेक सिटीपासून व्हेरा क्रूझपर्यंत जाणाऱ्या एका रेल्वेचे भाग त्याच्याभोवती विकले जातात. रेल्वेचा पत्ता नसतो, भाग मात्र चढत असतात. उमराव त्याला हिणवतात आणि त्याच्याकडे जेवायला जातात. चीनच्या सम्राटाला तो मेजवानी देतो, वेस्टमिन्स्टरमधून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा उमेदवार म्हणून निवडून येतो आणि अखेर खोट्या सह्यांचे प्रकरण अंगाशी आल्यावर विष घेऊन मरतो. या साऱ्यात समीक्षकाने थांबावे अशी जागा वेगळीच आहे. ट्रोलप मेल्मॉटला राजकीय मते देत नाही. तो पक्ष निवडतो तो सोयीने. एका जुन्या घराण्याची पिकरिंगची इस्टेट तो घेतो आणि तिची किंमत मात्र चुकती करीत नाही. परंपरा त्याच्या लेखी जपण्याची नव्हे, खरेदी करण्याची वस्तू आहे, तीही उधारीवर.

ज्या १८७४ साली मेल्मॉट लंडनच्या वाचकांपुढे आला, त्याच साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. मराठी वाङ्मयेतिहासाने मालेतील स्वत्वाचा, भाषाभिमानाचा, सुधारकांवरील प्रहारांचा अभ्यास भरपूर केला. त्याच चिपळूणकरांच्या पुढाकाराने किंवा सहभागाने चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना, किताबखाना, न्यू इंग्लिश स्कूल आणि ‘केसरी’ उभे राहिले, ही नोंदही प्रत्येक इतिहासात सापडते. पण ती ‘कार्य’ या सदराखाली, आणि मालेचा अन्वयार्थ ‘विचार’ या सदराखाली. स्वाभिमानाचा विचार आणि देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे छापून विकण्याचा व्यवसाय एकाच माणसाच्या एकाच काळातील गोष्टी आहेत, याचा सैद्धान्तिक अर्थ काय, असा प्रश्न विचारला गेला नाही. संमतिवयाच्या वादाच्याच सुमारास लोकमान्य टिळकांनी भागीदारीत निजामाच्या राज्यात, लातूरला, कापसाची जिनिंग फॅक्टरी काढली होती. चरित्रांत तिचा उल्लेख येतो तो बहुधा उपजीविकेची तजवीज म्हणून. यात टिळकांना कमीपणा आणण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न चरित्रलेखनाच्या व्याकरणाचा आहे: आपल्याकडे राष्ट्रीय पुरुषाला मते असतात, शत्रू असतात, तुरुंगवास असतो, हिशेबाची वही नसते.

सत्यशोधक परंपरेने ‘शेटजी-भटजी’ असे जोडनाव दिले तेव्हा तिला ही वही दिसत होती. (जोतीराव फुले स्वतः कंत्राटदार होते, पैसा कसा फिरतो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.) पुढे विद्यापीठीय समीक्षेने या जोडनावातील उत्तरपद उचलले आणि पूर्वपद सोडून दिले. भटजीवर प्रबंध झाले, परिसंवाद झाले, सिद्धान्तने झाली. शेटजी ग्रामीण कथेत सावकार होऊन गेला आणि तेथे पागोटे घालून, चोपडी उघडून, पात्र म्हणून गोठला. या सावकाराला राजकारण नसते. तो कर्ज देतो, जमीन लिहून घेतो, क्वचित मारला जातो. निवडणूक लढवीत नाही आणि देश म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगत नाही.

धन आणि सत्ता यांचा सांधा मराठीत खऱ्या अर्थाने प्रथम दिसला तो ‘सामना’ या १९७५ च्या चित्रपटात. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखान्याचा सर्वेसर्वा आहे. मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले, हा मास्तरांचा एकच प्रश्न त्याचे सारे साम्राज्य हादरवतो. या पात्रावर बोलताना समीक्षेच्या तोंडी एक विशेषण हटकून येते: सरंजामी. वाडा, पाटीलकी, हाताखालची माणसे, दारूचे पेले. सरंजामीची सगळी नेपथ्यसामग्री तेथे आहे हे कबूल. पण साखर कारखाना ही सरंजामशाही नव्हे. शासनाचे भागभांडवल, बँकेची कर्जे, उसाचा ठरवून दिलेला दर, यंत्रसामग्रीची आयात आणि बाजारातील साखरेचा भाव यांवर चालणारा तो विसाव्या शतकातील उद्योग आहे. हिंदुरावाचा वाडा जुना असेल, पैसा नवा आहे. नव्या पैशाला जुना वाडा का लागतो, हाच खरा प्रश्न होता. ‘सरंजामी’ म्हटल्याबरोबर तो सुटल्यासारखा वाटला, कारण सरंजामी म्हणजे अवशेष, आणि अवशेषाचे विश्लेषण करावे लागत नाही. तो काळाच्या ओघात नाहीसा होण्याची वाट पाहावी लागते. मराठी समीक्षेने अशी वाट पाहण्यात एक अख्खी पिढी घालवली.

अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७२) आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्यांनी राजकीय कथनाला शहर दिले, मंत्रालय दिले, वार्ताहराची नजर दिली. रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’ने (१९९४) सहकार, शिक्षणसंस्था आणि पक्ष यांचे जाळे एवढ्या विस्ताराने विणले की त्यानंतर या क्षेत्राविषयी अज्ञान दाखवणे कोणालाच शोभणारे नाही. पण साधूंची सत्ता मंत्रालयाच्या जिन्यावर थांबते, पठाऱ्यांची जिल्ह्यात खोल उतरते. ‘राष्ट्रीय’ म्हणजे काय, आणि ते कोणाच्या पैशाने घडते, हा प्रश्न मराठीत दिल्लीवर सोपवलेला आहे. गो. पु. देशपांडे यांची नाटके विचारप्रणालीला राष्ट्रीय, प्रसंगी आंतरराष्ट्रीय पट देतात. तेथे मात्र माणसे वाद घालतात, व्यवहार करीत नाहीत.

यावर एक उत्तर नेहमी तयार असते. महाराष्ट्रात भांडवल मराठी माणसाच्या हाती नव्हतेच. ते गुजराती, मारवाडी, पारशी समाजांकडे होते. मग मराठी कादंबरीकाराने असे पात्र आणावे कोठून? हे उत्तर समाजशास्त्रीय दिसते, पण ते एका जुन्या समजुतीचेच रूप आहे: पैसा हा नेहमी परका असतो. मेल्मॉटविषयी ट्रोलपच्या लंडनची हीच समजूत होती, आणि कादंबरी तिला पुरती ओलांडत नाही हा तिचा दोष मानला पाहिजे. शिवाय वस्तुस्थिती तशी नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ पुढे ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले. नांगर आणि पंप तयार करणाऱ्या एका मराठी उद्योगसमूहाने मराठी मध्यमवर्गाची अभिरुची काही दशके घडवली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध प्रसिद्ध झाले तेही ‘किर्लोस्कर’मधूनच. उद्योग, बुद्धिवाद आणि राष्ट्रवाद यांची ही गाठ एकाच मासिकाच्या पानांवर पडली होती. तिला ‘पुरोगामी’ म्हणावे की ‘प्रतिगामी’ यावर शाई पुष्कळ खर्ची पडली. कारखान्याला तिची गरज का वाटली, हा प्रश्न बाजूला राहिला. याउलट १९५९ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाकडे उद्योगपती होते, आर्थिक सिद्धान्त होता, मिनू मसानींसारखा मुंबईचा नेता होता. महाराष्ट्रात त्याला पाय रोवता आले नाहीत. नुसत्या मालमत्तेच्या भाषेत येथे कोणी मत देत नाही. तिला इतिहासाची भाषा लागते, आणि इतिहासाची भाषा तयार करणे हे साहित्याचे काम आहे. म्हणून हा साहित्यसमीक्षेचा विषय आहे. अर्थशास्त्राकडे तो ढकलता येणार नाही.

देशीवादाची अडचण येथेच सुरू होते. भालचंद्र नेमाडे यांनी देशीयता आणि धार्मिक पुनरुज्जीवनवाद यांत भेद केला आहे, हे त्यांच्या टीकाकारांनी विसरू नये. परंतु सिद्धान्ताची कसोटी त्याच्या कर्त्याच्या हेतूवर लागत नाही. आजचा धनिक नेता देशीच बोलतो. तो हरिनाम सप्ताहाचा खर्च उचलतो, साहित्यसंमेलनाच्या स्वागत समितीत बसतो, बोलीत भाषण करतो, इंग्रजाळलेल्या विद्वानांची टवाळी करतो. ‘आपले’ आणि ‘परके’ एवढेच मोजमाप हातात असेल तर हा माणूस शंभर टक्के आपला ठरतो. त्याच्या देशीपणामागील ताळेबंद वाचण्याचे साधन देशीवादाने घडवले नाही, आणि देशीवादावर तुटून पडणाऱ्या आधुनिकतावाद्यांनीही नाही. त्यांना त्याचे इंग्रजी कच्चे आहे यातच समाधान होते.

या साऱ्याची किंमत काय, हे पाहायचे तर खुलताबादला जावे. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावलेल्या औरंगजेबाचे शव जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरले गेले, आणि मरणोत्तर ‘खुल्द-मकान’ या बिरुदावरून रौजा या गावाचे नाव बदलले. टोप्या शिवून मिळवलेले चार रुपये दोन आणे कफनासाठी खर्चावेत, अशी त्याची इच्छा असल्याची कथा गावातील वाटाड्यापासून इतिहासाच्या पुस्तकापर्यंत सर्वत्र सांगितली जाते. ज्याच्या खजिन्याला त्या काळच्या जगात तोड सापडणे कठीण, त्या सम्राटाने आपल्या मरणाचे कथन चार रुपये दोन आण्यांत बसवले. धनाने स्वतःला फकिरीत गुंडाळण्याचे याहून नेटके उदाहरण शोधून सापडणार नाही. उघड्या मातीच्या त्या थडग्याभोवती संगमरवरी जाळी आली ती पुढे निजामाच्या पैशाने, लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून, असे सांगतात. म्हणजे आज जे ‘मध्ययुगीन’ म्हणून पाहिले जाते, ते काही अंशी वसाहतकालीन बांधकाम आहे, एका साम्राज्याने दुसऱ्या साम्राज्याच्या स्मृतीसाठी एका मांडलिकाकडून करवून घेतलेले. त्याच गावात पहिला निजाम आहे, गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान तानाशाह आहे, दख्खनच्या जमीनमहसुलाची घडी बसवणारा मलिक अंबर आहे. मलिक अंबरच्या कबरीसाठी मोर्चे निघत नाहीत. महसुलाला कथन नसते, टोपीला असते.

२०२५ च्या फेब्रुवारीत शिवाजी सावंत यांच्या ‘छावा’ (१९७९) या कादंबरीवर आधारलेला हिंदी चित्रपट आला. मार्चमध्ये कबर हटवण्याची मागणी पेटली, १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला, खुलताबादेत कबरीभोवती पत्रे आणि तारा उभ्या राहिल्या. त्यानंतर गावाचे नाव रत्नपूर करण्याची भाषाही झाली. या सगळ्या घडामोडीच्या मुळाशी एक मराठी कादंबरी होती, आणि मराठी समीक्षेकडे तिच्याविषयी विचारण्यासारखे दोनच प्रश्न निघाले: तपशील खरे की खोटे, आणि लेखकाची भूमिका जमातवादी की नाही. सेहेचाळीस वर्षांपूर्वीची मराठी संहिता हिंदी पडद्यावर जाताना तिच्यात भांडवल कोठून शिरते, पडद्यावरील यातनेचे मूल्य तिकीटबारीवर कसे ठरते आणि तेच मूल्य पुढे मतांत कसे बदलून घेतले जाते, हा तिसरा प्रश्न विचारायला परिभाषाच नव्हती. ती असण्यासाठी हिंदुरावाला सरंजामी म्हणण्यापूर्वी त्याच्या कारखान्याचा वार्षिक अहवाल वाचायला हवा होता.

पदव्युत्तर वर्गात ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ यांवर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आजही ‘सत्तासंघर्ष’ हा शब्द पुरेसा वाटतो, कारण संदर्भग्रंथांनी त्याला तोच दिला आहे. त्याने पुढे जायचे ठरवले तरी वाट सोपी नाही. नियतकालिकांचे वर्षाचे अंक एकत्र बांधताना जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत अनेक ग्रंथालयांत होती. ‘किर्लोस्कर’चे जुने बांधीव खंड उघडून तो कथा, निबंध आणि संपादकीये वाचू शकेल, नांगराची जाहिरात ज्या पानावर होती ते पान त्याला मिळेलच असे नाही.