लाईट गेली, असं म्हणू नका

दिवाळीत शहाद्याला मामांकडे गेलो होतो. त्यांच्या लॅपटॉपचा सी ड्राइव्ह गच्च, डी अर्धा रिकामा. "तू इंजिनिअर ना रे? बघ जरा." बघितलं! डी ची सुरुवात पुढे सरकवायची, सुटलेली जागा सी ला द्यायची. स्लायडर ओढला, अप्लाय दाबलं. बॅटरी केव्हाच मेलेली. निम्म्यावर लाईट गेली.

डी मध्ये आजीची अहिराणी गाणी होती, सारंगखेड्याच्या जत्रेचे फोटो होते. आजी आता नाही.

सगळे म्हणाले, "लाईट गेली, तुझा काय दोष?" मंडळी, ह्याच वाक्याची मला चीड आहे. लाईट जाते हे ठाऊक नसलेला माणूस खानदेशात अजून जन्मायचाय.

"पण रिकव्हरी सॉफ्टवेअर असतं की!" असतं ना. नुसतं पार्टिशन टेबल उडालं (जुन्या एमबीआर पद्धतीत ते अवघं ६४ बाईटचं) तर टेस्टडिस्क ते बरेचदा पुन्हा लिहून देतं. पण पार्टिशनची सुरुवात सरकवताना डेटाच उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. मध्येच थांबलं की अर्धं सामान नव्या घरी, अर्धं जुन्या घरी, आणि यादी फाटलेली.

मी आधी डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची नक्कल घेतली. मूळ डिस्कवर एक अक्षर लिहिलं नाही. मग नकलेवर फोटोरेक चालवलं. ते फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून त्या वेचतं, नावं आणि फोल्डर मात्र देत नाही. फोटो बरेच आले. गाणी निम्मी आली, काही मध्येच तुटलेली. कुठलं गाणं कोणाच्या लग्नातलं, हे मामांनी फाइलच्या नावात लिहिलं होतं. ते गेलंच.

२९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार ह्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. बोटांच्या ठशांसाठी आज बंगळूर आणि मानेसर अशी दोन डेटा सेंटर्स आहेत. आजीच्या आवाजाची प्रत किती? एक.

आपण ऑफिसात क्लायंटच्या डेटाचा रोज बॅकअप घेतो, तो रिस्टोअर होतो का तेही तपासतो. घरच्या डेटाला मात्र "बघू पुढच्या सुट्टीत". हा विसराळूपणा नाही हो, किंमत कोणाची किती धरतो त्याचा हिशोब आहे.

असो. आज रविवार आहे. लाईट आहे. आधी कॉपी करा, मग चहा.