मामाचा सायकल टाइम

गेल्या रविवारी भोसरीला मामाकडे गेले होते. मामाची एमआयडीसीत शेड आहे. शेड म्हणजे तीन सीएनसी, दोन व्हीएमसी, एक म्हातारं ड्रिलिंग मशीन, देवीचा फोटो आणि चहाचा थर्मास. रविवारी मशीनं बंद, म्हणजे मामा निवांत सापडेल असा माझा अंदाज. तर मामा लॅपटॉपसमोर घामाघूम! समोर एक्सेल शीट, उजवीकडे सरकवत गेलं तरी संपेना.

"अगं, बरं झालं आलीस. तू कॉम्प्युटरवाली ना? एवढं भरून दे."

(इंजिनिअरिंगची चार वर्षं अधिक पाच वर्षांची नोकरी, याचं आमच्या घराण्यातलं अंतिम मूल्यमापन: कॉम्प्युटरवाली. असो.)

शीट आली होती चाकणच्या एका कंपनीकडून. मामा त्यांना पार्ट देतो, ते असेंब्ली करून मोठ्या गाडीवाल्यांना देतात. शीटचं नाव 'कार्बन फूटप्रिंट'. आत काय काय विचारलंय बघा: महिन्याची वीज, ठीक. नगाचं वजन, स्क्रॅप किती, ठीक. मग स्टील कोणाकडून घेता, काय रेटने घेता. प्रत्येक ऑपरेशनचा सायकल टाइम. किती शिफ्ट चालतात. दुसऱ्या कुठल्या पार्टीचं काम करता.

"मामा, कार्बन काढायला तुमचा स्टीलचा रेट कशाला हवाय त्यांना?"

मामा हसला. मागच्या वर्षी त्याने असंच सगळं प्रामाणिकपणे भरून पाठवलं होतं. दोन महिन्यांनी रेट रिव्हिजनची मीटिंग. पर्चेसवाल्या साहेबांनी कागद पुढे सरकवला: तुमचा सायकल टाइम ४२ सेकंद आहे, आम्ही ५५ सेकंदांचा रेट देतोय, तेव्हा रेट कमी करा.

आता हे ५५ चे ४२ कसे झाले ते मला माहीत आहे. मामाने आठ महिने खपून स्वतः एक फिक्श्चर बनवलं. तीन वेळा फसलं. चौथ्यांदा बसलं. ते तेरा सेकंद त्याची कमाई होती, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने एक्सेलमध्ये भरून ईमेलने पाठवून दिली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली, कारण सोमवार ते शुक्रवार मी हिंजवडीत बसून ज्या सॉफ्टवेअरवर काम करते ते नेमकं हेच होऊ नये म्हणून लिहिलेलं आहे. फक्त ते जर्मनीतल्या मामांसाठी आहे. भोसरीतल्या नाही.

आधी एक कबूल करते. कार्बनची मागणी खोटी नाहीये. युरोपियन युनियनचा सीबॅम नावाचा नियम आहे, सीमेवरचा कार्बन-कर म्हणा हवं तर. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज आणि हायड्रोजन एवढ्या गोष्टी त्यात येतात, आणि पोलादात अगदी नट-बोल्टसुद्धा. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसते रिपोर्ट द्यायचे होते, १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा मामला सुरू झाला. शिवाय १८ फेब्रुवारी २०२७ पासून युरोपात इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला पासपोर्ट लागणार आहे. माल तिकडे जायचा असेल तर आकडे द्यावेच लागणार. तेव्हा डेटा द्यायचा की नाही हा वाद संपलेला आहे. कुठला द्यायचा, कशासाठी, किती दिवस, आणि उद्या भांडण झालंच तर हातात पुरावा काय, हा वाद आहे. तो आपल्याकडे कोणी घालतच नाही.

जर्मन गाडीवाल्यांनी घातला. २०२१ मध्ये तिकडे कॅटेना-एक्स नावाची संघटना निघाली. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, फोक्सवॅगन, बॉश, सॅप असे सगळे दादा लोक त्यात आहेत (यातल्या काहींचे बोर्ड चाकणला तुम्ही रोज ट्रॅफिकमध्ये अडकून वाचता). त्यांची अडचण सोपी होती. सप्लायरकडून माहिती हवी, पण सगळी माहिती एकाच कंपनीच्या सर्व्हरवर ओतायला कोणीच तयार नाही. यातून जो उपाय पुढे आला त्याला 'कनेक्टर' म्हणतात. एक्लिप्स फाउंडेशनचा 'एक्लिप्स डेटास्पेस कंपोनंट्स' नावाचा प्रोजेक्ट आहे, थोडक्यात ईडीसी. जावामध्ये लिहिलेला, अपाची २.० लायसन्स, सगळा सोर्स कोड उघडा. कॅटेना-एक्ससाठी त्यावरून तयार केलेली आवृत्ती 'ट्रॅक्टस-एक्स' प्रोजेक्टमध्ये मिळते, तीही उघडीच.

चालतो कसा? (कंटाळा आला तर पुढचा पॅरा गाळा, पण परीक्षेला आहे!)

प्रत्येक कंपनी आपापला कनेक्टर चालवते. डेटा मालकाच्या घरीच राहतो. मालक फक्त एक कॅटलॉग मांडतो: माझ्याकडे अमुक माहिती आहे, आणि तिच्या अटी या. अटी दोन प्रकारच्या. पहिली, ही माहिती आहे हेच मुळात कोणाला दिसावं. दुसरी, दिसली तर कुठल्या करारावर मिळावी. समोरच्याचा कनेक्टर आपली ओळखपत्रं दाखवतो, अर्थात डिजिटल सहीची. मग दोन कनेक्टर आपसात बोलणी करतात. जमलं तर करार होतो आणि त्याची नोंद दोन्हीकडे राहते. त्यानंतरच डेटा एकाकडून थेट दुसऱ्याकडे जातो, मध्ये कुठलंही गोदाम नाही. बोलणी करणारा भाग वेगळा आणि माल पोचवणारा भाग वेगळा. गेटपास झाल्याशिवाय वॉचमन ट्रक बाहेर सोडत नाही ना, अगदी तस्संच.

आता मामाची शीट यात बसवून बघा. पार्टचा कार्बन फूटप्रिंट म्हणून पुढे जायचा तो एका नगामागे किती किलो कार्बन डायऑक्साइड, हा आकडा. सोबत तो कुठल्या पद्धतीने आणि कुठल्या काळासाठी काढला वगैरे. स्टीलचा रेट त्यात नाही. सायकल टाइम नाही. आणि करारात उद्देश लिहिलेला: फक्त कार्बनच्या हिशोबासाठी. म्हणजे जेवायला बोलावलं तर ताट वाढायचं, स्वयंपाकघराची किल्ली द्यायची नाही.

आता आमचे सेल्सवाले जे सांगत नाहीत ते मी सांगते. कनेक्टर जादू नाही. एकदा डेटा समोरच्याच्या मशीनवर पोचला की त्याची कॉपी करून पर्चेसला पाठवण्यापासून कोणतंही सॉफ्टवेअर माणसाला रोखू शकत नाही. स्लाइडवर 'डेटा सार्वभौमत्व' असं छापलं म्हणून आकडे परत येत नाहीत. मग उपयोग काय? दोन उपयोग. एक, मुळात कमी माहिती बाहेर जाते. दोन, लेखी करार उरतो, त्यात उद्देश असतो आणि तारीख असते.

हा दुसरा उपयोग आपल्याकडे जर्मनीपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. २०२३ चा आपला डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या माहितीसाठी आहे. मामाचा मोबाइल नंबर त्यात येतो, मामाचं फिक्श्चर येत नाही. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. असा कायदा करा म्हणून विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात शिफारस केली. तोवर सगळी भिस्त करारावर. आणि मामाचा करार काय? पीओच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या अटी. त्यात 'पुरवठादाराने गुप्तता पाळावी' असं ठळक आहे. उलट दिशेने एक ओळ नाही.

आता नेहमीचे तीन आक्षेप घेऊ.

पहिला, आमच्या टीममधल्या एका शहाण्याचा: "अगं, ओपन सोर्स म्हणजे फुकट, आणि फुकट म्हणजे असुरक्षित." बरं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेने सगळ्यांची झोप उडवली होती, ते मी विसरलेले नाही. ओपन सोर्स आपोआप सुरक्षित नसतं, ते कोणीतरी अपडेट करत बसावं लागतं. पण सध्याची 'सुरक्षित' पद्धत काय आहे हो? एक्सेल, ईमेल, आणि घाई असेल तर व्हॉट्सअ‍ॅप. व्हेंडर पोर्टलचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. १ मार्च २०२२ ला टोयोटाचे जपानमधले सगळे १४ कारखाने एक दिवस बंद राहिले. कारण? कोजिमा इंडस्ट्रीज या प्लॅस्टिकचे पार्ट करणाऱ्या सप्लायरवर सायबर हल्ला झाला होता. लहान सप्लायरची सुरक्षा ही मोठ्याने केलेली मेहेरबानी नाही, मोठ्याची लाइन त्यावर चालते.

दुसरा आक्षेप खरा आहे: मामाला हे झेपणार कसं? नाहीच झेपणार. कनेक्टरसोबत डेटाबेस लागतो, गुप्त किल्ल्या ठेवायला व्हॉल्ट लागतो, ओळखपत्रांचं वॉलेट लागतं, आणि वर कुबरनेटिस. ज्या शेडमध्ये अकाउंटंट आठवड्यातून दोनदा येतो तिथे कुबरनेटिस कोण बघणार, सेटर?

तिसरा आक्षेप मामाचा स्वतःचा: "आपली अट ऐकतंय कोण? मी नाही म्हटलं तर शेजारच्या गल्लीतला भरून देईल शीट." हा सगळ्यात जड.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर एकच आहे, आणि ते आपल्याच मातीत आहे. चिंचवडला ऑटो क्लस्टर आहे. बहुतेकांना ते प्रदर्शनाचा हॉल म्हणून माहीत आहे, पण ते केंद्र सरकारच्या योजनेतून उभं राहिलं ते लहान कारखान्यांसाठी. एकट्या शेडला टेस्टिंगची, कॅलिब्रेशनची, रॅपिड प्रोटोटायपिंगची महागडी यंत्रं परवडत नाहीत, म्हणून ती एका ठिकाणी ठेवून सगळ्यांनी वापरायची. मग कनेक्टर का नाही? एक सामायिक कनेक्टर, प्रत्येक शेडचा त्यात वेगळा कप्पा, आणि अपडेट करायला दोन पगारी माणसं. लघुउद्योजकांच्या संघटना आहेत, मराठा चेंबर १९३४ पासून आहे. त्यांनी एकदा बसून अटींचा एक नमुना ठरवावा: कार्बनसाठी घेतलेला आकडा रेटच्या चर्चेत वापरायचा नाही, अमुक दिवसांनी पुसायचा. एकट्या मामाची अट म्हणजे कुरकुर. शेकडो शेडची तीच अट असली की तो बाजाराचा नियम होतो. दुधाच्या सोसायट्या ज्यांनी गावोगाव उभ्या केल्या त्यांच्या नातवंडांना हे मी काय सांगायचं? फॅट लागताना शेतकरी समोर उभा असतो, आणि लागलेली फॅट पावतीवर येते. एवढंच मागायचंय.

आणि हे परदेशी खूळ आहे असं म्हणाल तर तेही नाही. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये अकाउंट अ‍ॅग्रिगेटरचे नियम काढले, सप्टेंबर २०२१ मध्ये ती व्यवस्था सुरू झाली. तुम्ही कर्जासाठी बँकेचं स्टेटमेंट त्यातून देता तेव्हा संमतीत लिहिलेलं असतं: कशासाठी, कुठली माहिती, किती काळ. मधला अ‍ॅग्रिगेटर ती माहिती वाचू शकत नाही. म्हणजे फ्लॅटच्या कर्जासाठी मला जी इज्जत मिळते ती मामाच्या फिक्श्चरला नाही.

राहता राहिलो आपण. रागवू नका, पण हिंजवडी ते भोसरी ट्रॅफिक नसेल तर पाऊण तास (म्हणजे कधीच नाही, पण तरी). इतक्या जवळ राहून आपण म्युनिकच्या कस्टमरच्या अटी कोडमध्ये बसवतो, आणि आपल्याच मामा-काकांना सांगतो, "एक्सेल आहे ना, भरून टाका." आपल्यातल्या कितीजणांच्या इंजिनिअरिंगची फी अशाच शेडमधून आली! माझी अर्धी आली होती. कोड उघडा आहे, लायसन्स मोकळं आहे, वाचता आपल्याला येतं. दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. ओळखीच्या शेडमध्ये एक शनिवार जाऊन कोणती शीट कुठे जाते याची यादी करून द्या, निम्मे रकाने अनावश्यक निघतील. आणि ज्यांना कनेक्टर येतो त्यांनी तो मराठीत समजावून सांगण्याजोगा, एका बटणात सुरू होण्याजोगा करा. आत्ताची इन्स्टॉलेशनची पानं वाचून मलाच घाम फुटतो.

मोठ्या कंपन्यांच्या साहेबांनाही एक सांगणं. कार्बनच्या नावाखाली सायकल टाइम काढून घ्याल तर पुढच्या वर्षी कार्बनचे आकडेही खोटे येतील. सप्लायर मूर्ख नसतो. मग ते खोटे आकडे घेऊन तुम्हीच युरोपसमोर उभे राहाल.

मामाची शीट मी भरून दिली. वीज, वजन, स्क्रॅप, नग. स्टीलचा रेट, सायकल टाइम आणि बाकीच्या पार्ट्यांचे रकाने मोकळे ठेवले, आणि खाली लिहिलं: 'कार्बनच्या हिशोबाला ही माहिती लागत नाही. लागत असल्यास कशासाठी ते लेखी कळवावे.' मामा बराच वेळ सेंडच्या बटणाकडे बघत होता.

"काम गेलं तर तुझ्या कंपनीत लावशील ना मला?"

मग दाबलं. आज सहा दिवस झाले, अजून फोन नाही. आला की सांगेन.