क्रांतीचा चित्रपट, पण कोणत्या साली काढलेला?

फ्रेंच किंवा रशियन क्रांती शिकवताना वर्गात चित्रपट दाखवावा, असे आता बरेच जण म्हणतात. तो काळ मुलांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो, हे त्यामागचे नेहमीचे कारण. मला धोका नेमका तिथेच दिसतो. आयझेनस्टाइनचा ‘ऑक्टोबर’ रशियन क्रांतीच्या दशकपूर्तीसाठी सरकारनेच काढवून घेतला. त्यात विंटर पॅलेसवर माणसांचे लोंढे चाल करून जातात. प्रत्यक्षात १९१७ च्या त्या रात्री राजवाड्याच्या रक्षणाला मुख्यतः लष्करी शाळांतले कॅडेट आणि महिला पलटणीची एक तुकडी उरली होती. प्रतिकार फुटकळ झाला आणि हंगामी सरकारचे मंत्री आतल्या एका जेवणघरात पकडले गेले. तरीही या चित्रपटातली दृश्ये पुढे त्या रात्रीची छायाचित्रे म्हणून छापली गेली. जाणती माणसे इथे फसली, तर नववीतल्या मुलांना काय दोष द्यायचा?

तरीही ‘ऑक्टोबर’ दाखवावा. फक्त तो १९१७ चा नव्हे, १९२७ चा पुरावा म्हणून दाखवावा. पेट्रोग्राडच्या उठावाची सूत्रे हलवणाऱ्या ट्रॉट्स्कीची त्या नोव्हेंबरात पक्षातून हकालपट्टी झाली आणि चित्रपटातली त्याची दृश्ये कापली गेली. याच्या जोडीला आंद्रे वायदाचा १९८३ चा ‘डांटन’ घ्यावा. त्यात रोब्सपिअर चित्रकार दाविदच्या कार्यशाळेत येतो आणि टेनिस कोर्टवरील शपथेच्या चित्रातून फाब्र देग्लांतिनला वगळायला सांगतो. गंमत अशी, की फाब्र १७८९ मध्ये, म्हणजे त्या शपथेच्या वेळी, प्रतिनिधी नव्हताच. प्रसंग रचलेला आहे. पण डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागू झालेल्या पोलंडचा हा दिग्दर्शक होता, हे कळले की तो प्रसंग कुठून आला ते मुले स्वतःच सांगतील. ‘डांटन’मध्ये जे घडताना दिसते, तेच ‘ऑक्टोबर’च्या बाबतीत खरोखर घडले होते.

यावर वेळेची अडचण सांगितली जाईल. ती खरी आहे, पण यासाठी अख्खा चित्रपट लागत नाही. दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे पुरतात. गिलोटिनची दृश्ये त्यात नसली तरी बिघडत नाही. यापेक्षा वजनदार आक्षेप असा, की यातून मुले ‘सगळाच इतिहास खोटा’ असे म्हणू लागतील. शिक्षक चुका दाखवून थांबला तर तसे होईलही. पण डांटनला एप्रिल १७९४ मध्ये गिलोटिनवर चढवले, ही गोष्ट वायदाने सांगितली म्हणून खरी नाही; ती इतर साधनांतूनही पक्की होते. दाविदच्या कार्यशाळेतला प्रसंग त्या कसोटीला उतरत नाही. हा फरक मुलांना स्वतः शोधू दिला, तर सरसकट अविश्वासाला जागा उरत नाही. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासात मनोरंजनाच्या माध्यमांवर धडा आहेच. त्याला जोडून परीक्षेत एक प्रश्न टाकता येईल: चित्रपटातला एक प्रसंग आणि चित्रपटाचे साल द्यायचे, आणि दिग्दर्शकाने तो असा का रंगवला असावा, हे विचारायचे. उत्तर कोणत्याही गाइडमध्ये सापडणार नाही. शिक्षकांचीही थोडी पंचाईत होईल. ती होऊ द्यावी.