उमेदीवर व्याज मागू नका

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला आणि प्रशिक्षक अमोल मुझुमदारांची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली. गोष्ट खरीच आहे. १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन आणि विनोदने ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून ताटकळत बसलेला मुलगा म्हणजे अमोल. पुढे रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, तीस शतकं आणि भारताकडून एकही सामना नाही. मग महिला संघाचं प्रशिक्षकपद, मग हा चषक. खाली तात्पर्य ठरलेलं: सकारात्मक राहा, देव व्याजासकट देतो.

माझं भांडण या तात्पर्याशी आहे.

त्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वॉलव्हार्ट शतक ठोकून उभी होती. तिचा उंच उडालेला झेल अमनजोत कौरच्या हातातून उसळला, पुन्हा उसळला आणि तिसऱ्या झटक्यात कसाबसा तिच्या हाती राहिला. नसता राहिला आणि सामना गेला असता, तर मुझुमदारांची इतक्या वर्षांची वृत्ती खोटी ठरली असती? साखळीत लागोपाठ तीन सामने हरलो होतो, तेव्हा तर ती कुणाला आठवतही नव्हती. उमेद म्हणजे मुदत ठेव असं ज्यांनी मनाशी धरलंय, त्यांची इथेच पंचाईत होते. रक्कम परत मिळाली तर ठेवीदार शहाणा, बुडाली तर मूर्ख. शिवाय अशी उमेद शिकवणारा माणूस नापास झालेल्या पोराला नकळत सांगत असतो की तुझीच श्रद्धा कमी पडली. अपयशाचं दुःख असतंच. वर हा ठपका कशाला?

म्हणून उमेदीची परीक्षा घ्यायची तर ज्याला शेवटपर्यंत काहीच परत मिळालं नाही, असा माणूस घ्यावा. शिवाजी पार्कने असा एक माणूस रोज पाहिलाय. पद्माकर शिवलकर, मैदानावरचे पॅडी. डावखुरी फिरकी, १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, तेही वीसपेक्षा कमी सरासरीने. १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना मद्रासला, चेपॉकवर होता. मुंबई पहिल्या डावात १५१ वर आटोपली. एरवी एवढ्यावर मॅच गेली म्हणायची. पण शिवलकरांनी सोळा धावांत आठ गडी टिपले आणि तमिळनाडू ८० वर गारद झाली. दुसऱ्या डावात पुन्हा अठरा धावांत पाच. तिसऱ्या दिवशी तर फक्त एक चेंडू टाकावा लागला. एवढं करूनही कसोटी नाही. कारण त्याच काळात, त्याच डाव्या हाताने बिशनसिंग बेदी गोलंदाजी करत होते. ६७ कसोटींत २६६ बळी. हरयाणाच्या राजिंदर गोयलांची तीच कथा, किंबहुना जास्त जीवघेणी. १९७४ मध्ये बंगळुरूच्या कसोटीतून बेदींना शिस्तभंगावरून वगळलं, गोयल संघासोबत होते, आणि खेळणाऱ्या अकरांत त्यांचं नाव आलं नाही. आयुष्यभर बंद राहिलेलं दार एवढं किलकिलं होऊन पुन्हा लागलं!

आता दुसऱ्या बाजूचे लोक पुढे येतात. हे जास्त हुशार, त्यामुळे त्यांना उत्तर नीट द्यायला हवं. ते म्हणतात, ‘अहो, ही समजूतदार वृत्ती म्हणजे हरलेल्याने स्वतःची घातलेली समजूत. कोल्ह्याला द्राक्षं आंबट.’ पण कोल्हा द्राक्षांना नावं ठेवून निघून जातो. शिवलकर गेले नाहीत. कसोटीची आशा कधीच मावळली होती, वयाची ४७ वर्षं उलटली होती, आणि १९८७-८८ च्या मोसमात मुंबईने पुन्हा हाक दिली तर हा गृहस्थ पांढरे कपडे चढवून रणजी खेळायला उतरला. ‘हा चेंडू दैवगतीचा’ हे त्यांनी गायलेलं गाणं पुष्कळांना आठवत असेल. त्यावरून त्यांना दैववादी ठरवणाऱ्यांनी या मोसमाचा हिशेब द्यावा. दैवावर हवाला ठेवणारा माणूस त्या वयात रनअप मोजत नाही.

मनातून त्यांना काय वाटत असेल, रात्री झोप लागत असेल का, हे प्रश्न मी बाजूला ठेवतो. आत सल असेलच. नसेल तर माणूस दगडाचा म्हणायचा. ‘आतून आनंदी राहा’ हा आग्रह मला नेहमीच थोडा असभ्य वाटत आलाय. वृत्ती वागण्यात दिसते. आपली जागा अडवून बसलेल्याचं मोठेपण मान्य करता येतं का, आणि संध्याकाळी नेटमध्ये नव्या पोराला चेंडूची पकड दाखवताना हात आखडतो का, एवढं पाहावं. सुनील गावसकरांनी ‘आयडॉल्स’मध्ये क्रिकेटमधल्या आपल्या आदर्शांवर लिहिलं, तेव्हा एकही कसोटी न खेळलेल्या शिवलकर आणि गोयल या दोघांना त्यात जागा दिली.

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला मान्य आहे. ‘गोड मानून घ्या’ हा उपदेश ज्यांनी जागा अडवलेली असते त्यांना फार सोयीचा पडतो. पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. तरी चांभाराच्या पोराला हिंदू संघाचं कर्णधारपद कधी दिलं गेलं नाही. त्यांना कुणी उमेद शिकवली असती तर ती चीडच आणणारी ठरली असती. १९२० मध्ये त्यांच्या धाकट्या भावाचा, विठ्ठलचाही कर्णधारपदाचा हक्क डावलला, तेव्हा विठ्ठल आणि दुसरा भाऊ शिवराम संघातून बाहेर पडले आणि का पडलो ते त्यांनी चारचौघांत सांगितलं. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

बेदींसारखा गोलंदाज आडवा येणं आणि जात आडवी येणं यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने कुणालाच धीर देऊ नये. मात्र माझ्या विरोधकांनी एक गोष्ट नजरेआड केलीय: विठ्ठल आणि शिवराम संतापले, पण खेळावर रुसले नाहीत. न्याय मिळेल अशी उमेद नसती तर भांडले कशाला असते? नुसत्या कडवट माणसाने बॅट माळ्यावर टाकली असती आणि जन्मभर निवड समितीला शिव्या घातल्या असत्या. अशी माणसं आपल्याकडे प्रत्येक कचेरीत, प्रत्येक नाट्यसंस्थेत दोन-चार सापडतात. त्यांच्या शिव्यांनी एकाही समितीची झोप उडाल्याचं ऐकिवात नाही.

२०१७ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने शिवलकर आणि गोयल यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. लगेच काहींनी ‘अखेर न्याय मिळाला’ म्हटलं. न्याय कसला? दोन डावखुरे फिरकीपटू एकत्र खेळवायला काय हरकत होती, हा प्रश्न त्या पुरस्काराने सुटत नाही आणि सुटूही नये. ३ मार्च २०२५ ला शिवलकर गेले, तेव्हा पुन्हा ‘दुर्दैवी’, ‘उपेक्षित’, ‘बिचारे पॅडी’ सुरू झालं. कणव दाखवायचीच असेल तर ती चेपॉकवर एका डावात ८० आणि दुसऱ्यात ६१ धावांत कोसळलेल्या तमिळनाडूच्या फलंदाजांना दाखवा. बिचारे ते होते.