मालकमपेठेचा पावसाळा

महाबळेश्वरच्या बाजारपेठेचे जुने नाव मालकमपेठ. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावावरून ते पडले. १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन डोंगरमाथ्यावरील ही जागा इंग्रजांकडे आली आणि तिच्या मोबदल्यात महाराजांना खंडाळा हे गाव मिळाले. एवढा व्यवहार इतिहासग्रंथांत नोंदलेला आहे. पेठ वसल्यावर तेथे माणसे राहिली कशी आणि कोणाच्या श्रमावर, हा हिशेब मात्र सहसा मांडला जात नाही.

उन्हाळ्यात गव्हर्नर आपल्या लवाजम्यासह येथे येत. मुंबईची मंडळी गलबताने बाणकोटच्या खाडीत, तेथून महाडला आणि पुढे पालखीत बसून घाट चढत. पालखी वाहणाऱ्यांच्या खांद्यांविषयी प्रवाशांनी फारसे लिहिलेले नाही! जूनच्या प्रारंभी ढग दाटू लागले की हा सारा थाट खाली उतरे आणि बंगल्यांना कुलुपे लागत.

मग उरे ती खरी वस्ती. साडेचार हजार फुटांची उंची आणि वर्षाकाठी अडीचशे इंचांच्या आसपास पाऊस. तोही सरळ न पडता वाऱ्याबरोबर आडवा मारणारा. घरांच्या भिंती गवताच्या जाड तट्ट्यांनी झाकाव्या लागत. कपडे वाळत नसत, चूल धुमसत राही, दहा पावलांवरचे घर धुक्यात दिसेनासे होई. अशा ठिकाणी आगोटीची बेगमी हा जगण्यामरणाचा प्रश्न होता. मीठ कोकणातून बैलांच्या पाठीवर वर येई. महाडच्या बाजूने गाडीचा चांगला घाट झाला तो १८७६ च्या सुमारास. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी पिके. कोळी, कुळवाडी, धनगर ही मंडळी लाकूडफाटा, मध, दूध, लोणी पेठेत आणून विकत. गिऱ्हाईक साहेब असे तोवर हातात रोकड खेळे. पुढचे चार महिने त्याच रोकडीवर काढावयाचे.

धावडांची कथा याहून कठीण. डोंगरातील तांबड्या दगडापासून लोखंड गाळणे हा त्यांचा धंदा. त्याला लाकडी कोळसा अमाप लागे. सरकारने जंगलतोडीवर निर्बंध घातले आणि त्यांच्या भट्ट्या थंडावल्या. वनरक्षण आवश्यक होते, हे मान्य केले पाहिजे; पण कसबी कारागिराला मोलमजुरीवर जावे लागले, हेही त्याच खात्यावर लिहिले पाहिजे.

आणि भाजीपाला? तो पिकविणारे हात तर समुद्रापलीकडून आले होते. सिंगापूर, मलाक्का या बाजूंकडील इंग्रजी वसाहतींतून शिक्षा होऊन आलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांसाठी १८३४ च्या सुमारास येथे तुरुंग उभारण्यात आला. या कैद्यांनी रस्त्यांची कामे केली, बागा केल्या, बटाटा आणि विलायती भाज्या पिकविल्या. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या घरांना त्या बटाट्याचे कौतुक नसेल, परंतु पेठेच्या बाजाराला त्याने आधार दिला. वेताच्या टोपल्या विणण्याचे कामही ते करीत. ज्यांची भाषा येथे कोणाला कळत नव्हती, ती माणसे जळवा आणि धुक्याच्या या मुलखात ऋतू ओळखून वाफे लावायला शिकली.

१८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. सुटलेल्यांपैकी काहीजण घरी परतले नाहीत. येथेच राहून त्यांनी मळे कसले. पुढच्या उन्हाळ्यांत साहेबांच्या टेबलावर भाजी येतच राहिली. त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्या बागेजवळून कोसळणाऱ्या धबधब्याला मात्र लोक अजूनही ‘चायनामन’ म्हणतात, आणि पावसाळ्यात तो दिसण्याआधी धुक्यातून नुसता ऐकू येतो.