आंग्रे चांचे होते काय?

आमच्या बुलढाण्यापासून समुद्र शेंकडों मैल दूर. येथल्या मुलांना भरती-ओहोटी ठाऊक ती पुस्तकांतलीच. तथापि मराठी आरमाराशीं या जिल्ह्याचें कांहींच नातें नाहीं असें नव्हे. सिंदखेडच्या जाधवांच्या लेकीच्या पुत्रानेंच तें उभारलें. तेव्हां सरखेल कान्होजी आंग्रे यांजवरील एका जुन्या कलंकाचा विचार येथें केल्यास वाचकांस तो अस्थानीं वाटूं नये.

इंग्रज इतिहासकारांनीं कान्होजींस सरसकट चांचा ठरविलें, आणि आमच्यांतील कित्येक शिकलेल्यांनींही तो शब्द निमूटपणें उचलला. चांचा म्हणजे ज्यास ना राजा, ना सनद. कान्होजी तर छत्रपतींचे सरखेल. बाळाजी विश्वनाथांच्या रदबदलीनंतर शाहू महाराजांनीं तें पद कायम केलें. मग अपराध कोणता? कोंकणच्या समुद्रांत फिरणाऱ्या व्यापाऱ्यानें त्यांचा दस्तक घ्यावा, न घेतल्यास जहाज जप्त! हेंच पोर्तुगीज 'कार्ताझ' या नांवानें दोनशें वर्षें करीत आले होते. लिस्बनची मोहोर असली कीं राजनीति आणि कुलाब्याची असली कीं दरोडा, हा न्याय आम्हांस उमगत नाहीं. १७१२ सालीं मुंबईच्या गव्हर्नरांची नौका पकडली गेली व तींतील एका इंग्रज बाईस खंडणी घेऊनच सोडलें, ही गोष्ट आम्ही भूषणावह मानीत नाहीं. परंतु पुढल्याच वर्षीं कंपनीनें त्यांच्याशीं तह केला. चांच्याशीं कोणी तह करतो काय?

१७१८ सालीं खांदेरीवर इंग्रज हात हालवीत परतले. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेव्हांही किल्ला पडला नाहीं. हें यश एकट्या सरखेलांचें खचित नव्हे. वारा पडला म्हणजे इंग्रजांचीं अवजड जहाजें जागच्या जागीं खिळत. तेव्हां चाळीस-पन्नास वल्ह्यांचीं गलबतें तोफांनीं सज्ज अशा गुराबांना दोरानें ओढीत शत्रूच्या पिछाडीस नेत, आणि गुराबांच्या नाळेवरील तोफा सुरू होत. तीं वल्हीं कोळी-भंडाऱ्यांच्या हातांत होतीं. तोफेच्या माऱ्यांत उघड्या अंगानें वल्हें ओढणें म्हणजे काय, याची कल्पना घरांत बसून करणें कठीणच.

ज्या मुंबईच्या किल्ल्यांतून कंपनी कान्होजींवर आरमार धाडी, तेथील नौदलाच्या तळास १५ सप्टेंबर १९५१ रोजीं 'आंग्रे' हेंच नांव मिळालें. खांदेरीचा दीपस्तंभही त्यांच्याच नांवाचा. २०२२ सालीं तर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृति नौदलाच्या निशाणावर आली. सरखेलांचें नांव असें धुऊन निघालें. वल्हेकऱ्यांचीं नांवें मात्र कोणत्याच शिळेवर आमच्या पाहण्यांत नाहींत.

वडील मंडळींनीं मुलांस अलिबागेस नेलें तर कान्होजींची समाधि दाखवावीच. पण ओहोटीच्या वेळीं कुलाब्यापर्यंत पायीं जातां येतें, तेव्हां तेथून समुद्राकडे बोट करून या निनांवी माणसांची गोष्टही सांगावी.