कुत्रा नापाक की लाडका? पाळण्यापाशी हा प्रश्नच चुकीचा आहे

माझी भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माहेर म्हणजे माझ्या आपाचं घर. कोकणातलं जुनं घर, पुढे पडवी, मागे आंबा-काजूची बाग आणि बागेच्या राखणीला ठेवलेला मोती नावाचा कुत्रा. बाळ बारा दिवसांचं होतं. सातव्या दिवशी अकीका झालेला, जावळ काढलेलं. आम्ही बाळाला बघायला गेलो. भाचीच्या सासूबाईही आल्या होत्या.

जेवणं झाली आणि पडवीत वाद पेटला. सासूबाई म्हणाल्या, "हा नजिस प्राणी आजच्या आज बाहेर काढा. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत." भाचा उसळला. "मोती आमच्या घरचाच आहे. तो बाळाला काय करणार? उलट तोच त्याची राखण करील." दुल्हेभाई मध्ये पडले, शेजारचे एक काका हदीस सांगू लागले. मी तरी कसा गप्प बसणार? मास्तर माणूस! चारही इमामांची मतं सांगायला लागलो. चांगला अर्धा तास गेला.

मग पाणी प्यायला आत गेलो. मधल्या खोलीत साडीच्या झोळीत बाळ होतं. रात्रभर जागलेल्या भाचीचा खाली चटईवर डोळा लागला होता. आणि झोळीखाली मोती उभा होता, मान वर, नाक कापडाला टेकलेलं. जेवणानंतर घरातल्या पोरांनी त्याची साखळी सोडली होती आणि ती खेळायला पळाली होती. मी हळूच हाक मारून त्याला बाहेर नेलं. तो मुकाट्यानं आला.

काहीही झालं नाही. पण ते मोतीच्या चांगुलपणामुळे किंवा आमच्या दीनदारीमुळे नव्हे. त्या अर्ध्या तासात त्या बाळाची राखण कोणीच करत नव्हतं. नापाक म्हणणारे पडवीत होते, लाडका म्हणणारे पडवीत होते, आणि इमाम मालिक यांचं मत सांगणारा मीही पडवीतच होतो.

म्हणून हा लेख. आपल्या समाजात या विषयावर दोनच पक्ष बोलतात आणि माझ्या मते दोघंही बाळाला वाऱ्यावर सोडतात.

आधी पहिला पक्ष. कुत्रा आणि तसवीर असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, अशी हदीस आहे. मी ती नाकारत नाही. पण ती सांगणाऱ्यांना एक विचारतो: त्याच हदीसमध्ये तसवीरही आहे ना? मग बाळाचे फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकताना ती का आठवत नाही? शेती, जनावरं आणि शिकार यांच्यासाठी कुत्रा ठेवायची सवलतही हदीसमध्येच आहे. शिकारी जनावरानं धरलेली शिकार हलाल असल्याचं सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीत आहे. सूरह अल-कहफमध्ये गुहेतल्या त्या तरुणांचा कुत्रा उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला आहे. बागेची राखण करणारा मोती या सवलतीत बसतो. निव्वळ हौसेसाठी कुत्रा पाळणं बहुतेक उलमांना मान्य नाही, हेही खरं. ज्याला शंका असेल त्यानं आपल्या आलिमांना विचारावं.

मसलकांतही फरक आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्याकडे कुत्रा सगळाच नजिस, त्यानं तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं. हनफींकडे त्याची लाळ नजिस. मालिकींकडे तर तो पाकच. हा वाद बाराशे वर्षांपासून चालू आहे आणि चालू राहील. पण यातल्या कोणत्याही मतानं झोळीखाली उभा असलेला कुत्रा बाजूला होत नाही. कुत्रा नापाक असल्यामुळे चावत नाही आणि पाक असल्यामुळे चावायचा थांबतही नाही. तहारतीचा मसला वजूसाठी आणि भांड्यांसाठी आहे. बाळाच्या जिवाचा मसला वेगळा आहे.

याच पक्षाच्या कितीतरी घरांत मांजर पाळण्याच्या गादीवर झोपलेलं मी पाहिलं आहे. कारण काय, तर मांजर पाक! हो, मांजर नापाक नाही, ती तुमच्यात वावरणारी आहे, अशी हदीस आहे. पण मांजरही ओरबाडतं, चावतं आणि तिच्याकडूनही रेबीज होऊ शकतो. पाक आहे म्हणून नवजात बाळाशेजारी झोपू द्यायचं, हा अर्थ कोणी काढला?

आता दुसरा पक्ष. हा तरुणांचा पक्ष आहे. मोबाइलवर बाळाच्या पोटावर डोकं ठेवून झोपलेल्या कुत्र्याचे व्हिडिओ बघून यांचा जीव विरघळतो. "तो घरचाच आहे" हे यांचं शेवटचं वाक्य. अरे बाबांनो, तो घरचा आहे हे खरं, पण बाळ त्याच्यासाठी घरचं आहे का? कालपर्यंत नसलेला एक प्राणी आज घरात आला आहे. त्याचा वास नवा, आवाज नवा. तो अचानक किंचाळतो, हातपाय झटकतो. झोळी हलते, तिच्यातून आवाज येतो. कुत्र्याला हे बाळ नव्हे, काहीतरी हलणारं, ओरडणारं दिसतं. तो कुतूहलानं उडी मारील, कापड ओढील, पंजा मारील. त्यात राग नसेल, द्वेष नसेल. पण पंधरा-वीस किलोच्या कुत्र्याचं निव्वळ कुतूहलही तीन किलोच्या बाळाला पेलणारं नाही. आपल्याकडे आई-बाळ जमिनीवर अंथरूण घालून झोपतात आणि झोळीही खाली बांधतात, म्हणजे सगळं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर.

"आजवर कोणाला चावला नाही," असंही सांगतात. प्रत्येक चावणाऱ्या कुत्र्याबद्दल चावण्याच्या आदल्या दिवशी हेच म्हणता आलं असतं.

मग करायचं काय? एकच नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. जागा असलेला, मोबाइल खाली ठेवलेला मोठा माणूस मध्ये नसेल, तर बाळ आणि कुत्रा एका खोलीत नकोत. उठून जायचं असेल तर दोघांपैकी एकाला बरोबर घेऊन जा. दारावर कोणी आलं, दूध उतू चाललं, तरी हेच. नमाजला उभं राहायचं असेल तर आधी दार लावा. जीव वाचवण्यासाठी नमाज तोडायची परवानगी दीननं दिली आहे, पण तोडायची वेळच कशाला येऊ द्यायची? आणि आठ-दहा वर्षांची पोरं हा पहारा नव्हे. आमच्याकडे साखळी त्यांनीच सोडली होती.

नियम पाळायला घर तसं लावावं लागतं आणि ते बाळ यायच्या आधी, महिना-दोन महिने. कुत्र्याची झोपायची, खायची जागा बदलायची असेल तर तेव्हाच बदला, म्हणजे बाळ आलं आणि आपली जागा गेली अशी सांगड त्याच्या डोक्यात बसणार नाही. मधल्या खोलीच्या दाराला कमरेएवढी जाळी बसवा. सुतार एका दिवसात करून देतो. रेबीजची लस आणि जंताचं औषध वेळेवर झालं आहे का, हे जनावरांच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. बाळाचं वापरलेलं कापड त्याला लांबून हुंगू द्या. त्याला फिरवणं, खायला घालणं थांबवू नका. दिवसभर साखळीत कोंडलेला कुत्रा जास्त चिडका होतो.

कुत्रा बोलतो, आपण ऐकत नाही. अंग ताठ होणं, तोंड फिरवणं, उगाच जांभया आणि ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, ही सगळी "मला हे नको" अशी वाक्यं आहेत. गुरगुरणं हे त्यातलं सगळ्यात स्पष्ट. आपण काय करतो? गुरगुरला की काठी घालतो. काठी खाऊन कुत्रा गुरगुरायचं सोडतो, मग एक दिवस न गुरगुरता चावतो. गुरगुरला तर मारू नका, बाळाला तिथून उचला आणि तो का गुरगुरला ते शोधा. आणि सगळ्यात कठीण काळ पहिले चाळीस दिवस नाहीत. सात-आठ महिन्यांनी बाळ रांगायला लागतं, कुत्र्याच्या ताटलीत हात घालतं, शेपटी ओढतं. तोवर घरच्यांची भीती मोडलेली असते. जाळी तेव्हाच जास्त लागते.

लाळेबद्दल मात्र आमच्या फिक्हचं आणि डॉक्टरांचं गणित जुळतं. नाळ पडून बेंबी सुकेपर्यंत तिथं जखमच असते. जावळ काढताना वस्तऱ्याचे बारीक ओरखडे डोक्यावर राहतात. फाटलेल्या कातडीवर किंवा तोंडात, डोळ्यांत कुत्र्याची लाळ लागली, तर रेबीजच्या हिशेबात ती चाव्याइतकीच गंभीर, तिसऱ्या वर्गातली बाब धरतात. तेव्हा मालिकी असा नाहीतर शाफई, कुत्र्याला बाळाचं तोंड चाटू देऊ नका. आणि कुत्र्याला हात लावून आलेल्यानं साबणानं हात धुतल्याशिवाय बाळ घेऊ नये.

तरीही चावा किंवा ओरखडा झालाच तर? आपल्याकडे अजून जखमेवर मिरचीपूड भरतात, चुना लावतात, दम करून आणतात. दुआ जरूर करा, पण नळाखाली जखम धरून. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून 15 मिनिटं. मग लगेच सरकारी दवाखाना. लस बाळालाही देतात, मांडीत देतात. स्नायूत लस घेतली तर 0, 3, 7, 14 आणि 28 अशा दिवसांना डोस असतात. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते विचारून घ्या. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण ते दहा दिवस लस थांबवायची नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे 99 टक्के कुत्र्यांकडून येतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. "घरचाच कुत्रा आहे, लस कशाला" हे वाक्य इथंही घातक आहे.

काही घरांत हे सगळं जमणार नाही. एक खोली, दहा माणसं. किंवा कुत्राच असा, की पूर्वी चावलेला, ताटलीजवळ कोणाला येऊ न देणारा, कोंबड्यांमागे धावणारा. तिथं कुत्र्याला दुसरं घर शोधणं हाच शहाणपणा. त्यात पाप नाही की कमीपणाही नाही. पण दुसरं घर शोधणं वेगळं आणि पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या मासळी बाजारात सोडणं वेगळं. माझ्या माहितीत हे झालं आहे आणि करणारा अभिमानानं सांगत होता, "घर पाक केलं." काय पाक केलं? उपाशी, बिथरलेला कुत्रा दुसऱ्या मोहल्ल्यातल्या पोरांमध्ये सोडला. मांजर बांधून उपाशी मारणारी बाई जहन्नमची हकदार झाली आणि तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहनं माफ केलं, या हदीस आपण लहानपणी मदरशात पाठ केल्या होत्या ना? कायदाही आहे. पाळलेलं जनावर उपासमार होईल असं सोडून देणं हा 1960 च्या प्राण्यांच्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

शेवटची गोष्ट, आणि ती मला सगळ्यात जास्त लागली. मी भाचीच्या खोलीतून परत आलो तेव्हा सासूबाईंचं पहिलं वाक्य होतं, "आई असून झोपली कशी?" बारा दिवसांची बाळंतीण! तासातासाला उठून दूध पाजणारी, टाके अजून दुखणारी. बाळंतपणाचा रक्तस्राव थांबेपर्यंत नमाजही माफ असलेल्या बाईवर आपण कुत्र्याचा पहारा टाकतो. कुत्रा आणला भावानं, साखळी सोडली पोरांनी, वाद घातला पुरुषांनी आणि चूक मात्र तिची. कुत्रा ठेवायचा निर्णय ज्यांचा, पहाराही त्यांचाच. हे बाळ यायच्या आधी नावानिशी ठरलं पाहिजे: सकाळी कोण, दुपारी कोण, रात्री दार कोण लावणार.

आपाच्या घरी त्या संध्याकाळी दुल्हेभाईंनी सुताराला बोलावलं. मोतीची जागा आता बागेतल्या खोपीपाशी आहे, सकाळ-संध्याकाळ भाचा त्याला फिरवतो आणि मधल्या दाराची कडी दुल्हेभाई स्वतः बघतात. सासूबाईंचं समाधान झालेलं नाही. भाच्याचंही नाही, त्याला वाटतं आम्ही मोतीवर अविश्वास दाखवला. दोघं भेटले की वाद पुन्हा सुरू होईल. होऊ दे. पडवी त्यासाठीच असते. फक्त बसण्याआधी एकानं उठून मधलं दार लागलं आहे का, ते बघून यावं.